फर्निचरच्या कामाचा अनुभव घरी गिटार बनवायला पुरतो का, आणि पाठीला शिसवी लाकूडच हवे का?

हत्यारांपुरता अनुभव पुरतो. उरलेला बराचसा आडवा येतो. रंध्याला धार लावणे, उजेड दिसणार नाही इतका नेमका सांधा बसवणे, पुरते न वाळलेले लाकूड कामाला न घेणे, हे तुम्हाला येतेच असे मी धरून चालतो. अडचण वेगळीच आहे. फर्निचर करणाऱ्याचा हात प्रत्येक वस्तू भक्कम करण्याकडे आपोआप वळतो, आणि गिटार मात्र जेमतेम तग धरण्याइतकीच भक्कम असावी लागते. हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण माझा थोरला भाऊ उत्तम सुतार आहे, रंधा धरायला मी त्याच्याकडूनच शिकलो, आणि या एका मुद्द्यावरून आमचा वाद आजही मिटलेला नाही.

माझी पहिली गिटार स्टीलच्या तारांची होती. वरची, म्हणजे तारांखालची, फळी सिटका स्प्रूस या हलक्या सूचिपर्णी लाकडाची होती आणि ती मी रंधून 2.8 मिलिमीटरवर आणली होती. आतल्या बाजूने एक्स आकारात ब्रेस, म्हणजे फळीला आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या, चिकटवून झाले होते, पेटी अजून बंद व्हायची होती. दादाने ती फळी उचलली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली, ती लवली, आणि तो म्हणाला, "इतक्या पातळ फळीचा मी ड्रॉवरला तळसुद्धा घालणार नाही. निदान चार मिलिमीटर ठेवायची होतीस. आणि या पट्ट्या आणखी तासणार आहेस? सत्तर किलोचा ताण येणार म्हणतोस ना?"

आकडा त्याचा बरोबर होता. लाइट गेजच्या, म्हणजे बारीक जाडीच्या, सहा तारांचा एकत्रित ताण साधारण 70 किलोच्या आसपास जातो. पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 2.8 ऐवजी 4 मिलिमीटर जाडी ठेवली, तर वजन दीडपटीहून थोडे कमी वाढते, पण ताठपणा जवळजवळ तिप्पट होतो, आणि अशी फळी हलवून आवाज काढायला तारेजवळ मुळात शक्तीच नसते. ब्रेसचेही तेच आहे. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो, उंची निम्मी केली तर तो एक अष्टमांश उरतो. म्हणून ब्रेस अरुंद आणि उंच ठेवायचा, बाजूंनी उतरता तासायचा आणि टोकांकडे उंची कमी करत न्यायची. हे सगळे मी दादाला समजावून सांगितले, त्याने ते शांतपणे ऐकून घेतले, आणि तरीही मी पटाशी उचलल्यावर माझे मनगट धरले. मी ते सोडवून घेतले आणि त्याच्यादेखत ब्रेसची टोके तासली.

तारा चढवून काही महिने लोटल्यावर तो आला तो स्टीलची पट्टी घेऊनच. ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे फळीला अडकवतात त्या लाकडी ठोकळ्याच्या, मागे ती आडवी ठेवून त्याने विचारले, "फुगली की नाही?" फुगली होती, आणि थोडी फुगणे अपेक्षितच होते. ब्रिजवरच्या ज्या पट्टीवर तारा टेकतात त्या सॅडलवर तारा फळीपासून साधारण 12 ते 13 मिलिमीटर उंचीवर असतात, त्यामुळे त्यांची ओढ ब्रिजला नुसती पुढे खेचत नाही तर पुढच्या बाजूला कलवते. ब्रिजच्या मागची फळी किंचित उचलली जाते आणि पुढची किंचित खचते. प्रश्न इतकाच असतो की हा फुगवटा एका जागी थांबतो की वाढतच राहतो. माझ्या गिटारीचा थांबला, आणि बाराव्या फ्रेटवरची (फ्रेट म्हणजे दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) तारांची उंची मी लावली होती तिथेच आहे. उलट पूर्ण ताणाखालीही फळी आरशासारखी सपाट राहिली, तर लाकूड गरजेपेक्षा जास्त वापरले आहे असे खुशाल समजावे. दादाचे म्हणणे असे की जे हलते ते कधीतरी तुटते. माझे म्हणणे असे की मग त्याने कपाटे करावीत, आणि ती तो फार सुंदर करतो.

आता लाकडाविषयी. पाठीला आणि बाजूंना शिसवी लाकूडच हवे, हा हट्ट मला पटत नाही. आंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने 1862 मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या असलेली गिटार बनवली होती, ती आवाजाची मुख्य जबाबदारी वरच्या फळीची असते हे दाखवण्यासाठीच. अलीकडे, 2018 मध्ये, इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली: फक्त पाठीचे आणि बाजूंचे लाकूड वेगळे असलेल्या सहा गिटारी 52 वादकांनी, कोणती गिटार हातात आहे हे न दिसता, वाजवून पाहिल्या. ब्राझिलियन रोझवुड हे शिसवीच्याच कुळातले महागडे लाकूड आणि स्वस्तातले सॅपेली यांना आवाजासाठी मिळालेल्या गुणांत फारसा फरक पडला नाही. तेव्हा सरळ रेषांचे, नीट मुरलेले आणि तापलेल्या नळीवर न तडकता वाकणारे कोणतेही लाकूड घ्या, आणि वाचलेले पैसे वरच्या फळीवर घाला. ती मात्र क्वार्टर-सॉनच, म्हणजे वाढीची वलये पृष्ठभागाला काटकोनात येतील अशी कापलेलीच, हवी, आणि तिचे तंतू पृष्ठभागाला समांतर धावणारे हवेत.

फर्निचरची आणखी एक सवय इथे घात करते. दारातली फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवली की हवेतल्या दमटपणाप्रमाणे ती फुगते, आक्रसते, आणि कोणाचे काही बिघडत नाही. गिटारीची फळी मात्र चारही कडांनी चिकटवलेली असते, तिला सरकायला जागाच नाही. दमट दिवसांत ब्रेस चिकटवले आणि पुढे कोरडी हवा आली, की फळी तंतूंच्या रेषेत उभी चिरते. वर्कशॉपमधली सापेक्ष आर्द्रता 45 टक्क्यांच्या आसपास असेल तेव्हाच ब्रेस चिकटवावेत आणि पेटी बंद करावी. तोवर फ्रेटबोर्डचे, म्हणजे फ्रेट बसवायच्या दांड्यावरच्या पट्टीचे, काम उरकून घ्यावे.

नेक, म्हणजे गिटारीचा दांडा, पेटीला जोडणाऱ्या सांध्यावरूनही आमचे वाजले होते. बोल्ट लावला तो सांधाच नव्हे, असे दादाचे मत. पण तारांच्या ओढीने पेटीचा आकार वर्षानुवर्षांत थोडा बदलतो आणि कधी ना कधी नेकचा कोन पुन्हा बसवावा लागतो. त्या वेळी सरसाने बसवलेला डव्हटेल (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचा सांधा) वाफेने सोडवत बसण्यापेक्षा दोन बोल्ट काढणे शंभर पटींनी बरे, निदान घरच्या कारागिराला तरी. कोन पहिल्याच वेळी नीट बसवा: फ्रेटवर ठेवलेली सरळ पट्टी ब्रिजच्या माथ्यावर किंचित टेकली पाहिजे.

हे सर्व वाचून फळी लगेच 2.8 मिलिमीटरवर नेऊ नका, कारण तो आकडा माझ्या हातातल्या त्या एका फळीचा होता. तुमची मऊ असेल किंवा सीडरची असेल, तर तीन मिलिमीटरवर थांबा. रंधलेले लाकूड परत येत नाही. नायलॉनच्या तारांची गिटार करणार असाल, तर ताण बराच कमी असतो, ब्रेसची मांडणी पंख्याच्या आकाराची असते, आणि वरचे आकडे तिला लागू नाहीत. तशा गिटारीवर स्टीलच्या तारा तर कधीच चढवू नयेत. शिसवी लाकूड आधीच आणून ठेवले असेल, तर जरूर वापरा, ते छान वाकते आणि दिसतेही देखणे. मात्र ते तेलकट असते, म्हणून चिकटवायच्या कडा त्याच दिवशी ताज्या रंधून घ्या, आणि त्याच्या भुशाने पुष्कळांना खाज आणि सर्दीचा त्रास होतो, तेव्हा घासताना मास्क लावा.