बाबांना ऐकू येतं, मग आवाज कुठून आला ते का कळत नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी बाबा उठले तेव्हा डावा कान बंद झालेला होता आणि उपचार करूनही तो परत आला नाही. उजवा कान तपासणीत चांगला निघाला. तेव्हापासून कोपरखैरण्याच्या घरात तुम्ही हाक मारलीत की ते भलत्याच खोलीत जातात. मोबाइल दिवाणावर वाजतो आणि ते ओट्यावर शोधतात. परवा नाक्यावर डावीकडून रिक्षाने हॉर्न दिला, तर ते उजवीकडे वळून बघत राहिले. शेजारी म्हणाले, ‘ही विसरभोळेपणाची सुरुवात आहे.’ आणि तुम्ही विचारताय, बाबांच्या मेंदूत काही बिघडलंय का.

तुम्ही जे तीन प्रसंग लिहिलेत, ते विस्मरणाचे नाहीत. एका कानावर राहणाऱ्या माणसाचं अगदी असंच होतं. माझा उजवा कान २०११ च्या जुलैत गेला, त्यामुळे हे मी रोज जगतो. एक गोष्ट आठवून बघा: बाबा चुकतात तेव्हा बहुतेक वेळा उजवीकडेच वळतात का? तसं असेल तर त्यांचा मेंदू हातात असलेल्या माहितीवरून बरोबर उत्तर काढतोय. माहितीच अर्धी आहे.

मी कळव्याला शाळेत विज्ञान शिकवायचो. ध्वनीच्या धड्याला एक प्रयोग ठरलेला असायचा. दोन मीटर लांबीची रबरी नळी घ्यायची, तिच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करायची. एका मुलाला डोळे मिटून बसवायचं, नळी पाठीमागून घेऊन तिची दोन टोकं दोन कानांशी धरायला सांगायची. मग खुणेच्या डावीकडे किंवा उजवीकडे दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीने टिचकी मारायची. मुलगा बिनचूक सांगतो, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’. एक सेंटिमीटरवर आणलं तरी बरीच मुलं सांगतात.

आता हिशेब करा. मध्यापासून दोन सेंटिमीटर सरकलं की एका कानाकडचा रस्ता दुसऱ्यापेक्षा चार सेंटिमीटरने लांब होतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे दोन कानांतला फरक सेकंदाच्या सुमारे आठ-साडेआठ हजाराव्या भागाइतका. मुलाला ‘आधी’ आणि ‘नंतर’ असं काहीच जाणवत नाही. त्याला एकच टिचकी ऐकू येते, फक्त ती एका बाजूला असते. वेळेतल्या फरकाची मेंदूने जागा करून टाकलेली असते.

खरं म्हणजे कानाच्या आत दिशा नावाची गोष्टच नसते. डोळ्याचं तसं नाही. डावीकडची वस्तू पडद्यावर एका ठिकाणी उमटते, उजवीकडची दुसऱ्या. आतल्या कानातला शंख मात्र आवाज पट्टीप्रमाणे वेगळे करतो, जाडे एकीकडे, बारीक दुसरीकडे. तो आवाज तलावपाळीच्या बाजूने आला की स्टेशनच्या, हे तिथे कुठेच नोंदलं जात नाही. ते मेंदूला मागाहून काढावं लागतं, आणि त्यासाठी त्याला दोन कानांचे दोन आकडे हवेत.

आवाज अगदी एका बाजूने आला तर डोक्याला वळसा घालून दुसऱ्या कानापर्यंत पोचायला त्याला जेमतेम ०.६ ते ०.७ मिलीसेकंद जास्त लागतात. एका चेतापेशीचा एक ठोकाच जवळपास एक मिलीसेकंद चालतो, म्हणजे हा सगळा व्यवहार त्याहून कमी वेळात उरकायचा असतो. सराव असलेला माणूस दहा मायक्रोसेकंदांच्या (सेकंदाच्या एक लाखाव्या भागाच्या) आसपासचा फरकही पकडतो, आणि समोरच्या दिशेत साधारण एका अंशाइतकं आवाजाचं सरकणं ओळखतो. ही तुलना मेंदूच्या देठात होते, दोन्ही कानांकडून येणारे तंतू जिथे पहिल्यांदा एकत्र येतात तिथे. आपल्याला हाक कळायच्या आधीच तिची दिशा निघालेली असते.

वेळेचा हा हिशेब जाड्या आवाजांसाठी. बारीक आवाजांसाठी दुसरी युक्ती आहे. जाड्या आवाजांच्या लांब लहरी डोक्याला वळसा घालून जातात, बारीक आवाजांच्या आखूड लहरी अडतात, आणि पलीकडच्या कानावर डोक्याची सावली पडते. खूप बारीक आवाजात ही सावली वीस डेसिबलपर्यंत जाऊ शकते. लॉर्ड रॅले या ब्रिटिश शास्त्रज्ञाने या दोन्ही गोष्टी १९०७ साली एकत्र मांडल्या आणि तो पाया अजून टिकून आहे. दोन्ही युक्त्या जिथे अर्धवट चालतात, अशी मधली एक पट्टी आहे, दीड ते तीन हजार हर्ट्‌झच्या आसपास. एकसुरी ‘टीं टीं’ करणारं उपकरण दोन चांगले कान असूनही पटकन सापडत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ही गोष्ट मला फार आवडते. गव्हाणी घुबड मिट्ट काळोखात नुसत्या खुसखुशीवरून उंदीर पकडतं. त्याच्या कानांची भोकं एका पातळीत नसतात, एक वर आणि एक खाली, त्यामुळे उंचीसुद्धा त्याला दोन कानांच्या फरकातून मिळते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ मध्ये एक कल्पना मांडली होती: दोन कानांकडून येणाऱ्या वाटांची लांबी कमीजास्त असेल, आणि ज्या पेशीपाशी दोन्ही निरोप एकाच क्षणी पोचतील ती पेशी म्हणजे ती दिशा. पुढे जीवशास्त्रज्ञ मासाकाझू कोनिशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना घुबडाच्या मेंदूत जवळपास तशीच रचना सापडली. माणसासारख्या सस्तन प्राण्यांत ती हुबेहूब तशी नाही, पण दोन निरोपांची वेळ ताडून बघण्याचं तत्त्व तेच.

तर बाबांच्या बाबतीत वजाबाकी करायला एकच आकडा उरलाय. सगळे आवाज उजव्या कानातूनच येतात, म्हणून सगळे उजवीकडचेच वाटतात. कान गेल्यावर चार महिन्यांनी मी ती नळी स्वतःच्या कानांना लावली आणि आठवीतल्या एका मुलीला टिचकी मारायला सांगितलं. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मला प्रत्येक टिचकी डावीकडे, एकाच जागी ऐकू आली. वीस वर्षं मी ज्याचं स्पष्टीकरण देत होतो ते त्या दिवशी मला कळलं, आणि वर्गासमोर डोळे भरून आले. त्याआधी महिनाभर मुलांनी प्रश्न विचारला की मी खिडकीकडच्या बाकांकडे बघायचो आणि विचारणारं मूल भिंतीकडे बसलेला असायचा. त्या मुलीनेच मग सगळ्यांना सांगितलं की सरांना विचारायचं तर आधी हात वर करायचा.

हात वर करण्याचा उपाय नुसता सोयीचा नाही. मेंदू जागेच्या बाबतीत कानापेक्षा डोळ्यावर जास्त भरवसा ठेवतो. टीव्हीचा स्पीकर खाली किंवा मागे असला तरी आवाज बोलणाऱ्याच्या तोंडातूनच येतोय असं आपल्याला वाटतं, ते यामुळेच. म्हणून घरात बाबांना दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका. मारावीच लागली तर ‘बाबा, मी बाल्कनीत आहे’ अशी जागा सांगून मारा. शक्य तिथे त्यांना दिसाल असे उभे राहून बोला.

एका कानाने काहीच होत नाही असंही नाही. कानाच्या पाळीच्या वळ्या-खाचा आवाजातल्या काही पट्ट्या दाबतात, काही उचलतात, आणि हे वरून-खालून, पुढून-मागून वेगवेगळं होतं. मेंदू आपल्या पाळीची ही खूण लहानपणापासून शिकलेला असतो. १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काही जणांच्या पाळीत साचे बसवून तिचा आकारच बदलला. आवाजाची उंची ओळखणं लगेच बिघडलं, आणि काही आठवड्यांत पुन्हा जमायला लागलं. साचे काढले तेव्हा जुनी ओळख जागच्या जागी होती. मोठ्या माणसाचा मेंदूही नवीन कान शिकू शकतो, हे त्यातून दिसलं. एका कानाची काही माणसं याच खुणांवरून ओळखीच्या आवाजांची बाजू बऱ्यापैकी सांगायला लागतात. मलाही आमच्या नौपाड्यातल्या घरात कुकर आणि दाराची बेल आता कळते. स्टेशनवर मात्र अजून काही कळत नाही. एकच उद्घोषणा चार स्पीकरांतून मागेपुढे येते. दोन कानांचा मेंदू पहिला आलेला आवाज धरतो आणि मागून येणारे प्रतिध्वनी त्याच्यात जिरवतो, मला ते पूर्वीसारखं जमत नाही. मी फलकाकडे बघतो.

मान फिरवण्याची सवय बाबांना मुद्दाम लावा. आवाज चालू असताना डोकं सावकाश वळवलं की डोक्याची सावली सरकते आणि आवाज लहान-मोठा होतो. सगळ्यात मोठा वाटेल तेव्हा उजवा कान जिकडे असेल, ती आवाजाची बाजू. पण यासाठी आवाज काही सेकंद टिकायला हवा, एका हाकेत हे होत नाही. म्हणून मोबाइलला आखूड ‘टिंग’ ठेवू नका, जुन्या फोनच्या घंटीसारखी लांब, खणखणीत रिंगटोन ठेवा. आणि फोनची जागा एकच ठरवा.

रस्त्याबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. ओलांडताना कानावर निर्णय घ्यायचा नाही. थांबायचं, दोन्हीकडे मान वळवून बघायचं, मगच पाय टाकायचा. विजेच्या स्कूटर तर हळू चालताना जवळजवळ आवाजच करत नाहीत. तुम्ही बरोबर असाल तर त्यांच्या उजवीकडून चाला, म्हणजे तुमचं बोलणं चांगल्या कानात जाईल. कार्यक्रमात त्यांना पंगतीच्या डाव्या टोकाला बसवा, सगळी माणसं उजवीकडे येतील. तरीही लग्नाच्या हॉलमध्ये ते थकतील. गलक्यातून एक आवाज निवडून काढायला मेंदू दिशेचाच आधार घेतो, आणि तो आधार गेला की प्रत्येक वाक्य ओढून आणावं लागतं. ते लवकर घरी जाऊया म्हणाले तर निघा.

यंत्राबद्दल विचारलंत. बंद कानाकडे मायक्रोफोन लावून तिकडचा आवाज चांगल्या कानात पाठवणारं ‘क्रॉस’ नावाचं यंत्र मिळतं. डावीकडून कोणी बोललं तर ते ऐकू येईल, पण दिशा परत येणार नाही, कारण शेवटी सगळं एकाच कानात जातं. घेण्याआधी काही दिवस वापरून बघायला मागा. कॉक्लिअर इम्प्लांटने (आतल्या कानात बसवून श्रवणाच्या नसेला विजेचे संकेत देणाऱ्या यंत्राने) मेंदूला दुसरा कान खरोखर मिळतो आणि पुष्कळांना दिशा काही प्रमाणात परत येते. शस्त्रक्रिया आहे, खर्च लाखांत आहे. बाबांना चालेल का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञच सांगतील. कान गेल्यापासून फार वर्षं लोटू न देणं बरं, म्हणून निदान विचारणा आत्ताच करा. आणि एमआरआय झाला नसेल तर त्याबद्दलही विचारा. एकाच कानाचं ऐकणं गेलं असेल तर श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना, हे बघून घेतात. नावं, तारखा, पैशांचे व्यवहार यांतही ते चुकत असतील तर त्याची वेगळी तपासणी करा, पण हाकेवरून तो निष्कर्ष काढू नका.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जा. स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर तितका उपयोगी, पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त. मी मळ असेल म्हणून तेल घालत तीन आठवडे काढले.

ताई, नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. आधी तुमच्या कानांना लावा आणि बाबांना टिचकी मारू दे, मग त्यांच्या कानांना. शेजारच्या काकांनाही बोलवा.