थंडीत वासरांची ऊब

प्रश्न : आमच्याकडे दोन संकरित गाई आहेत. गोठा पत्र्याचा असून उत्तरेची बाजू उघडी आहे. गेल्या पौषात चारही बाजूंना प्लॅस्टिक बांधून रात्री आत पऱ्हाटीची शेकोटी केली, तरी तीन आठवड्यांची कालवड खोकून खोकून दगावली. यंदाचा गोऱ्हाही पहाटे पाठीची कमान करून कुडकुडतो. आणखी काय करावे?
(एक पशुपालक, ता. यावल, जि. जळगाव)

उत्तर : शेकोटी आजच गोठ्याबाहेर काढावी, हे सर्वांत आधी सांगतो. बंद गोठ्यात पऱ्हाटीचा धूर आणि मुतातून उठणारा अमोनिया कोंडून राहतो, त्याने वासराची श्वासनलिका दुखावते आणि फुफ्फुसदाहाच्या जंतूंना आयती वाट मिळते. शिवाय सुका चारा पेटण्याची भीती असतेच. प्लॅस्टिकही वरपर्यंत बांधू नये. वासरू बसते त्या उंचीवरचे वारे अडले पाहिजे, म्हणून उत्तरेकडे जमिनीपासून चार फुटांपर्यंत तुराट्यांचा कूड किंवा बारदान बांधावे आणि पत्र्याखालची फट हवेसाठी मोकळी ठेवावी.

आपल्या गाई त्याच गोठ्यात निवांत रवंथ करत असतील, कारण त्यांच्या कोठीपोटात चारा आंबताना सतत उष्णता तयार होते. लहान वासराचे कोठीपोट अजून कामाला लागलेले नसते. त्यामुळे हवा साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की पहिल्या काही आठवड्यांच्या वासराला अंगची ऊब टिकवण्यासाठी जादा शक्ती खर्चावी लागते, आणि आपल्याकडे जानेवारीत पहाटेचा पारा १० च्याही खाली उतरतो. ही शक्ती दुधातूनच येणार असल्याने संध्याकाळच्या दुधानंतर रात्री नऊ-दहाच्या सुमारास आणखी लिटरभर कोमट दूध पाजावे; मात्र ही वाढ दोन-तीन दिवसांत हळूहळू करावी. दूध विकून घर चालते हे मी जाणतो, तरीही थंडीचे हे दोन महिने ते लिटरभर दूध वासराचेच समजावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खालची जागा ओली असेल तर वरचे सारे उपाय वाया जातात. गव्हाचे भुसकट किंवा आपल्या भागात मुबलक असलेली केळीची खडखडीत वाळलेली पाने वीतभर जाडीने पसरावीत. वासरू बसल्यावर त्याचे पाय त्यात दिसेनासे झाले पाहिजेत. मी गोठ्यात गेलो की वासराशेजारी गुडघा टेकवून थोडा वेळ बसतो आणि उठताना पायजमा ओला लागला तर अंथरूण तिथल्या तिथे बदलायला लावतो. बारदानाची झूल रात्री जरूर घालावी, पण खानदेशात हिवाळ्यातही दुपारचे ऊन चांगले तापते, आणि तेव्हा झूल अंगावर राहिली तर वासरू घामेजते व तीच ओल रात्री बाधते. म्हणून ऊन चढताच झूल काढून वाळत घालावी.

प्रश्न : म्हैस पहाटे मळ्यात व्याली. पारडू ओले, गार आणि निपचित पडलेले सापडले. अशा वेळी लगेच चीक पाजावा का?
(एक वाचक, ता. शिरपूर, जि. धुळे)

उत्तर : आधी पारडाच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागत असेल आणि ते बोट चोखत नसेल, तर चीक तोंडात ओतू नये. तो फुफ्फुसात उतरतो. नाक-तोंड साफ करून कोरड्या बारदानाने अंग खसाखसा पुसावे आणि गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून छातीशी व पोटाशी ठेवाव्यात. गुदद्वारातले तापमान ३७ अंशांखाली असेल तर वाट न पाहता १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकास कळवावे.

बोट चोखू लागताच चीक पाजावा. ३० किलोच्या पारडास पहिल्या १२ तासांत सुमारे तीन लिटर चीक मिळाला पाहिजे, आणि त्यातला निम्मा शक्यतो पहिल्या दोन तासांतच. कारण रोगप्रतिकारक द्रव्ये शोषण्याची आतड्याची ताकद तासातासाने घटते व २४ तासांत जवळजवळ संपते. घरातल्या मुलांच्या खरवसाचा विचार पारडाचे पोट भरल्यावर करावा. गार झालेला चीक मात्र थेट चुलीवर ठेवू नये, तो खरवसासारखाच घट्ट होतो; चिकाचे भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ढवळत राहावे आणि हाताला कोमट लागताच पाजावा.