डिस्क बिघडली, टेप पुसली : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाहेरून जोडायची हार्ड डिस्क टेबलावरून पडली. आता जोडली की टक्-टक् असा आवाज येतो. कधी ड्राइव्ह दिसतो, कधी दिसत नाही. मुलीच्या जन्मापासूनचे सगळे फोटो तिच्यात आहेत. कुणी फ्रीझरमध्ये ठेवायला सांगतं, कुणी रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवायला. काय करू?

आधी केबल काढा. हे वाचून होईपर्यंत पुन्हा लावू नका.

हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरत असतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. आपल्या केसाची जाडी साधारण ७०-८० हजार नॅनोमीटर असते, त्यावरून ही फट किती बारीक आहे ते लक्षात येईल. डिस्क पडली की हेड वाकतं किंवा चकतीवर आपटतं. मग त्याला चकतीवरच्या खुणा वाचता येत नाहीत, ते मागे जातं आणि पुन्हा प्रयत्न करतं. तुम्हाला ऐकू येणारी टक्-टक् म्हणजे हेच. अशा प्रत्येक प्रयत्नात वाकलेलं हेड चकती खरवडत असू शकतं.

अशीच पडलेली एक डिस्क मी स्वच्छ कक्षात, म्हणजे हवेतली धूळ गाळून काढलेल्या खोलीत, उघडली होती. पडल्यावर चार दिवस ती परत परत जोडून पाहिली गेली होती. आरशासारख्या चकतीवर एक राखाडी रेघ होती, बारीक, पण पूर्ण गोल. डिस्कच्या आत कोपऱ्यात हवेतली धूळ पकडणारा छोटा पांढरा फिल्टर असतो, तो काळवंडलेला होता. ती काळी पूड म्हणजे चकतीवरचा चुंबकीय थर, म्हणजेच त्या घरातले फोटो. पहिल्याच दिवशी केबल काढली असती तर त्यातलं बरंच वाचलं असतं, ही रुखरुख मला आजही आहे.

फ्रीझरचा उपाय करू नका. बाहेर काढल्यावर चकतीवर दव धरतं आणि तशीच ती फिरवली तर आगीतून फुफाट्यात. झाकणही घरी उघडू नका. सॉफ्टवेअरचा इथे उपयोग नाही, कारण बिघाड यांत्रिक आहे. अशी डिस्क स्वच्छ कक्ष असलेल्या प्रयोगशाळेत नेऊन त्याच मॉडेलची हेडं बसवावी लागतात.

आशा सोडू नका. २००३ साली कोलंबिया यान कोसळलं. त्याच्या अवशेषांत महिन्यांनंतर एक जळकी हार्ड डिस्क सापडली आणि तिच्यातल्या प्रयोगाचा सुमारे ९९ टक्के डेटा परत मिळाला. चकत्या शाबूत होत्या म्हणून ते जमलं. तुमच्या चकत्या शाबूत ठेवणं एवढंच आता तुमच्या हातात आहे.

प्रश्न : माझ्या डिस्कमधून आवाज येत नाही, पण फायली उघडायला फार वेळ लागतो. चेकडिस्क चालवू का?

नको. चेकडिस्क हे विंडोजमधलं डिस्क तपासण्याचं साधन फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची नोंदव्यवस्था, सुसंगत करतं, त्यासाठी ते त्याच आजारी डिस्कवर लिहितं आणि न जुळणाऱ्या नोंदी काढून टाकतं. आधी पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या, तितक्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्या. त्यासाठी डीडीरेस्क्यू हे मोफत साधन उत्तम आहे. ते सहज वाचता येणारे भाग आधी उचलतं, अडलेले मागे ठेवतं आणि कुठवर आलो याची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवतं. त्यामुळे मध्येच थांबलं तरी पुढे चालू करता येतं. नंतरचे सगळे प्रयोग इमेजवर करा, मूळ डिस्कला हात लावू नका. इमेज घेताना आवाज सुरू झाला तर तिथेच थांबा आणि वरचं उत्तर लागू समजा.

प्रश्न : लॅपटॉपच्या एसएसडीवरून फोटो पुसले गेले. रिकव्हरी सॉफ्टवेअर फायलींची नावं दाखवतं, पण फोटो कोरे निघतात. असं का?

एसएसडी म्हणजे फिरत्या चकत्यांऐवजी चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. फाइल पुसली की ऑपरेटिंग सिस्टिम तिला ट्रिम नावाची सूचना देते : या जागा आता मोकळ्या आहेत. एसएसडी मग त्या जागा आतून साफ करत जाते आणि वाचायला गेल्यास शून्यंच परत देते. नावाची नोंद वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे ती मागे राहते. कटू असलं तरी खरं सांगतो, असे फोटो बहुतेक वेळा परत येत नाहीत. त्यापेक्षा क्लाउडची कचरापेटी, कुणाला पाठवलेले मेल आणि कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड तपासा. कार्डवर बहुधा ट्रिम चालत नाही, म्हणून पुसलेले फोटो तिथे टिकून असतात. फोटोरेकसारखं साधन जेपेगच्या सुरुवातीचे ‘एफएफ डी८’ हे बाइट शोधून नावाशिवायही फोटो बाहेर काढतं. तोवर त्या कार्डवर नवा फोटो काढू नका.

प्रश्न : आमच्या कार्यालयात जुन्या एलटीओ-४ टेपवर (एलटीओ हा बॅकअपच्या चुंबकीय टेपचा प्रकार, ४ ही त्याची पिढी) चुकून नवा बॅकअप सुरू झाला. दहा मिनिटांत थांबवला. आता ड्राइव्ह जुनं काहीच दाखवत नाही. सगळं गेलं का?

सगळं गेलेलं नाही. ड्राइव्ह लिहायचं थांबवतो तेव्हा ‘इथे डेटा संपला’ अशी खूण टेपवर उमटवतो. नंतर वाचताना तो त्या खुणेपर्यंतच जातो, पुढे सरकायला साफ नकार देतो. जुना डेटा मात्र त्या खुणेपलीकडे तसाच असतो.

हिशेब करून पाहू. एलटीओ-४ ची मूळ क्षमता ८०० जीबी आणि लिहिण्याचा वेग सेकंदाला १२० एमबी. दहा मिनिटं पूर्ण वेगाने लिहिलं तरी ७२ जीबी जागा गेली, म्हणजे टेपचा ९ टक्के भाग. तो कायमचा गेला. उरलेला भाग नेहमीच्या ड्राइव्हने मिळणार नाही, पण टेप रिकव्हरी करणाऱ्या काही प्रयोगशाळांकडे ही खूण ओलांडू शकणारे, फर्मवेअर (ड्राइव्हच्या आतलं सॉफ्टवेअर) बदललेले ड्राइव्ह असतात.

आत्ता लगेच कार्ट्रिजची लिहिण्यापासून रोखणारी सरकपट्टी लॉक करा, वर ठळक चिठ्ठी लावा आणि टेप बाजूला ठेवा. ‘पुन्हा एकदा फॉर्मॅट करून बघू’ असं कुणालाही करू देऊ नका. बॅकअप सॉफ्टवेअरचा जुना कॅटलॉग (कोणत्या टेपवर काय आहे याची यादी) शोधून ठेवा आणि बॅकअप एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक रूपात बंद, केलेला असेल तर त्याची ‘की’ (किल्ली) शोधून ठेवा. या किल्लीशिवाय वाचलेला डेटा कुणालाच उलगडणार नाही.

प्रश्न : कपाटात एलटीओ-३ टेप सापडल्या. आमचा नवा एलटीओ-८ ड्राइव्ह त्या घेत नाही. टेप खराब झाल्या असतील का?

तेवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचत. एलटीओ-८ फक्त एलटीओ-७ आणि स्वतःच्या पिढीच्या टेप वाचतो. तुम्हाला एलटीओ-३, ४ किंवा ५ चा ड्राइव्ह हवा. १९६६-६७ मधल्या नासाच्या लूनर ऑर्बिटर यानांनी पाठवलेली चंद्राची चित्रं टेपवर टिकून होती, पण ती वाचण्यासाठी जुनी अँपेक्स एफआर-९०० यंत्रं दुरुस्त करून पुन्हा चालती करावी लागली. टेप जपली तसा तिचा ड्राइव्हही जपायला हवा, किंवा वेळेवर डेटा नव्या टेपवर हलवायला हवा. कपाट थंड किंवा दमट असेल तर टेप ड्राइव्हमध्ये घालण्याआधी एक दिवस खोलीच्या तापमानात राहू द्या.

प्रश्न : रेड ५ मधल्या चारपैकी दोन डिस्क गेल्या. जबरदस्तीने ऑनलाइन करून रीबिल्ड करू का?

कृपया नको. रेड ५ मध्ये डेटा अनेक डिस्कवर विभागलेला असतो आणि सोबत पॅरिटी, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा डेटा पुन्हा काढता येईल असा हिशेब, ठेवलेला असतो. त्यावरून डेटा पुन्हा उभा करणं म्हणजे रीबिल्ड. पण रेड ५ एकच डिस्क जाणं सोसतं. बहुतेकदा पहिली डिस्क काही महिने आधीच गेलेली असते आणि कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. तिच्यावरचा डेटा शिळा असतो. तीच ऑनलाइन आणून रीबिल्ड केलं तर शिळं आणि ताजं एकमेकांत मिसळून पॅरिटी नव्याने लिहिली जाते, आणि मग परतीची वाट उरत नाही. प्रत्येक डिस्कवर तिच्या खणाचा क्रमांक लिहा, चारही डिस्कच्या इमेज घ्या, आणि कोणती आधी गेली हे लॉगमध्ये पाहा. शेवटी गेलेली डिस्कच महत्त्वाची आहे; प्रयोगशाळेत तिचीच इमेज आधी घ्यायला सांगा.

प्रश्न : बॅकअप रोज ‘यशस्वी’ दाखवतो. आणखी काही करायला हवं का?

हो. जानेवारी २०१७ मध्ये गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीतल्या अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेस पुसला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नसल्याचं उघड झालं. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाताशी होती. म्हणून दर महिन्याला एक दिवस ठरवा. बॅकअपमधून एक फोल्डर निवडा, ते वेगळ्याच संगणकावर रिस्टोअर करा आणि त्यातल्या फायली खरोखर उघडून बघा. किती वेळ लागला तेही लिहून ठेवा.