दोघांची फुफ्फुसं कडक, मग औषध वेगळं का?

प्रश्न : आमचे आप्पा 67 वर्षांचे. आयुष्यभर ट्रक चालवला, बिडीची सवय आहे. सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसाचा फायब्रोसिस निघाला, कागदावर 'आयपीएफ' लिहिलंय. माझे चुलते गुऱ्हाळावर चिपाड ओढतात, त्यांनाही फायब्रोसिसच सांगितला. काकांना स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या आणि त्यांचा दम बराच कमी झाला. आप्पांना मात्र डॉक्टर स्टेरॉईड द्यायला तयार नाहीत. असं का? प्रतिकारशक्ती वाढवायचं चूर्ण चालू करू का?
– एक वाचक, निपाणी परिसर

उत्तर : डॉक्टरांवर रागावू नका, त्यांचं बरोबर आहे. फायब्रोसिस म्हणजे फुफ्फुसात पडलेले व्रण. ते दोघांनाही आहेत, पण पाडणारे वेगळे.

आधी काकांचं बघू. पावसात भिजलेल्या चिपाडाचा ढीग आतून तापतो, कुबट होतो आणि त्यात उष्णतेत वाढणारे जिवाणू माजतात. ढीग उपसला की ती धूळ छातीत जाते. काहींच्या शरीरातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी तिलाच शत्रू धरतात आणि फुफ्फुसात गर्दी करतात. ऊस पिकवणाऱ्या मुलखातला हा जुना आजार आहे, बॅगासोसिस. कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ यांनीही असंच होतं. या साऱ्या गटाला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. भारतातल्या 27 केंद्रांमधल्या 1,084 रुग्णांची नोंदणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात जवळपास निम्मे रुग्ण याच गटातले होते. तरी आपल्याकडे पेशंटला 'घरी कबुतरं आहेत का, काम कशाचं करता' हे विचारायला कुणाला सवड नसते! लिम्फोसाइटची ही गर्दी स्टेरॉईडने ओसरते, म्हणून काकांना आराम पडला. पण बरं वाटतंय म्हणून ते परत त्याच ढिगाशी गेले, तर त्या पेशी धूळ लगेच ओळखतील. काम बदलायलाच हवं. गोळ्याही मनाने बंद करायच्या नाहीत.

आप्पांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला की खालच्या बाजूला, श्वास आत घेताना, बुटाची वेल्क्रो पट्टी ओढल्यासारखा चरचर आवाज येत असणार. आयपीएफ म्हणजे एकच नेमकं कारण न सापडणारा फायब्रोसिस. त्यात फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांचं आतलं अस्तर पुन्हा पुन्हा दुखावतं. वय, बिडीचा धूर, काही घराण्यांत जनुकं, अशा गोष्टी त्याचा धोका वाढवतात. त्या पिशव्यांत मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी कायम वस्तीला असतात, धूळ-जंतू गिळणं हे त्यांचं काम. इजा झाली की रक्तातून मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी येतात आणि त्यांचेही मॅक्रोफेज बनतात. उंदरांवरच्या प्रयोगांत व्रण वाढवण्यात या नव्या पेशींचाच हात मोठा दिसला, आणि रुग्णांच्या फुफ्फुसांतही तशा पेशी सापडल्या आहेत. त्या टीजीएफ-बीटा हे रसायन सोडतात. ते मिळालं की फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजनचे धागे विणत सुटतात. जखम भरल्यावर हे थांबायला हवं, इथे थांबत नाही.

मग मॅक्रोफेज मारूनच टाकावेत? तसंही नाही. जास्तीचं कोलॅजन गिळून साफ करणारेही मॅक्रोफेजच.

स्टेरॉईडने या विणकामाला आळा बसत नाही. पूर्वी आयपीएफमध्ये प्रेडनिसोलोन, अझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन असं तिहेरी औषध सर्रास लिहिलं जायचं. अमेरिकेतल्या चाचणीत 2011 मध्ये ते मध्येच थांबवावं लागलं. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा या गटात मृत्यू जास्त झाले, दवाखान्यात भरती व्हावं लागणारेही जास्त. आजार एकाएकी बळावला तर काही वेळा स्टेरॉईड देतात, पण तो निर्णय भरती केल्यावरचा.

चूर्णाचं म्हणाल तर वाढवायचं नेमकं काय? काकांच्या लिम्फोसाइट आधीच नको तितक्या जाग्या आहेत. तो पैसा फ्लू आणि न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जंतू) यांच्या लसींना ठेवा.

आप्पांसाठी डॉक्टरांना पिरफेनिडोन किंवा निन्टेडॅनिबबद्दल विचारा. दोन्हींनी पडलेला व्रण पुसला जात नाही, आजाराची चाल मंदावते. दोन्हींत मळमळ, जुलाब होऊ शकतात आणि लिव्हरची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. पिरफेनिडोन चालू झालं तर गोळी भरल्या पोटी द्या. त्या औषधावर ऊन सोसत नाही, अंगावर चट्टे उठतात, तेव्हा भर दुपारी शेताकडे चक्कर नको. आणि बिडी ओढत राहिले तर हे औषध रक्तात बरंच कमी उरतं, हे त्यांना माझ्या नावाने सांगा.