तातांचा मार्शल लॉ

पत्र: आजोबा (आम्ही त्यांना ताता म्हणायचो) गेल्या वर्षी गेले. आयुष्यभर मागावर चादरी विणल्या. वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका वाटायची आहे. काका म्हणतात, 'ताता 1930 च्या मार्शल लॉत (इंग्रजांच्या लष्करी अंमलात) मोर्चात होते' हे छापायचंच. आत्या म्हणते, तेव्हा त्यांचा जन्मही नव्हता. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 1936 आहे. दोघांचं बोलणं बंद. आणि मला 'कष्टाळू, प्रेमळ'च्या पुढे ओळ सुचत नाही. – एक नात, पूर्व भाग, सोलापूर

ताई, दाखल्यावर 1 जून दिसलं की बहुतेक वेळा तारीख मास्तरांनी घातलेली असते. शाळा जूनमध्ये उघडे आणि जन्मतारीख घरी कुणाला ठाऊक नसे. वर्षही अंदाजेच. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरा. पण सोलापुरात मार्शल लॉ लागला मे 1930 मध्ये; धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा या चार स्वातंत्र्यसैनिकांना फाशी झाली 12 जानेवारी 1931 ला. कितीही ताणलं तरी ताता मोर्चात चालण्याच्या वयाचे होत नाहीत. आत्याचं गणित बरोबर.

काकाही खोटं बोलत नाहीत. हा किस्सा बहुधा तातांच्या वडिलांचा. सांगताना 'आम्ही' यायचं, ऐकणाऱ्या पोरांनी त्यात ताताच पाहिले. तेव्हा 'ताता मार्शल लॉची गोष्ट अशी सांगायचे' असं छापा, आणि पुढची गोष्ट काकांच्या नावाने, त्यांच्याच शब्दांत. दोघांना समोरासमोर बसवून निवाडा करू नका; वेगवेगळं विचारा.

विशेषणं सगळी खोडा. 'ताता कसे होते?' विचारलंत तर आजी 'चांगले होते' म्हणून गप्प बसेल. तिच्या हातात धोटा (मागावर आडवा धागा नेणारी नळी) द्या, जुनी चादर द्या. मग विचारा: माग किती वाजता सुरू व्हायचा? ताण्याचा (उभा) धागा तुटला की ताता काय म्हणायचे? कांड्या (धोट्यातल्या सुताच्या नळ्या) कोण भरायचं? (बहुतेक घरी बायका-पोरं भरायची. त्यांची नावं पुस्तिकेत हवीतच.) पूर्व भागातल्या विणकर घरांत बहुतेक तेलुगूच बोलतात; आजीला तेलुगूतच बोलू द्या, मराठीत तुम्ही नंतर आणा. रेकॉर्डिंग एका वेळी अर्धा-पाऊण तास, पंखा बंद करून, मागाची खडखड येणार नाही अशा खोलीत.

अल्बमला चिकटलेले फोटो ओढू नका, वरचा थर निघतो. पानासकट 600 डीपीआयवर स्कॅन करा. काचेला चिकटलेला असेल तर काचेसकट, फ्लॅश न लावता, जरा तिरप्या उजेडात मोबाईलवर काढा. सुट्या फोटोंच्या मागे नावं मऊ पेन्सिलीनं लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

मध्ये पिन मारायची तर पानं 4 च्या पटीत हवीत, 16 पुरेत. मोबाईलवरचा मजकूर डीटीपीवाला त्याच्या फॉन्टमध्ये घेतो तेव्हा रफार आणि जोडाक्षरं मोडतात. म्हणून शेवटचं प्रूफ कागदावर घ्या आणि आत्याला वाचायला द्या, तारखांवर तिची नजर आहेच. वर्षश्राद्ध मात्र तिथीनं येतं, इंग्रजी तारखेच्या मागेपुढे पडतं. गुरुजींकडून दिवस पक्का झाल्याशिवाय प्रेसला वार सांगू नका.