लेकीला माफियाविरुद्ध काम करायचंय

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्सला आहे. माफियाविरुद्ध काम करायचं म्हणून पोलिसांत जायचा हट्ट धरलाय. अकाउंट्समध्ये हुशार आहे, शाळेत पोर्तुगीजही शिकली. घरचे म्हणतात, जिवावरचं काम नको. काय करू?
– एक आई, डिचोली

ताई, तुमची भीती खोटी नाही. इटलीतले न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांना माफियाने २३ मे १९९२ रोजी महामार्गाखाली स्फोटकं पेरून मारलं. पत्नी आणि तीन अंगरक्षकही गेले. पण ते टोळीला इतके का सलत होते, हे लेकीला जरूर सांगा. त्यांनी सिसिली बेटावरच्या पालेर्मो शहरातल्या बँकांकडून परकीय चलनाच्या नोंदी मागवल्या, चेकला चेक जुळवत बसले आणि हेरॉइनचा पैसा कुठे मुरतो ते उघड केलं. पुढे १९८६ साली सुरू झालेल्या खटल्यात पावणेपाचशेच्या आसपास आरोपी उभे राहिले.

टोळी सरकारला आव्हान देते ते नुसत्या गोळीबाराने नाही. हप्ता हा तिचा कर, तंटा मिटवणं हे तिचं कोर्ट. लोक चौकीऐवजी तिच्या दारात जायला लागले की सरकार नावापुरतं उरतं.

गोवा म्हणजे सिसिली नव्हे. तरी जमिनी बळकावल्याच्या प्रकरणांसाठी २०२२ मध्ये एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावी लागलीच ना? तिथे हत्यार होतं बनावट दस्त. मालक परदेशात, घर बंद, आणि अचानक पोर्तुगीज काळातलं विक्रीपत्र हजर! असा कागद अतिनील दिव्याखाली निळसर चमकला तर तपासणारा तिथेच थबकतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ते रसायन १९५० च्या सुमाराला वापरात आलं, मग दस्तावर साल १९२० चं कसं? आणि त्यातला मजकूर वाचणारी माणसं आता कमीच उरलीत. तिचं पोर्तुगीज सुटू देऊ नका. मला तिच्या टक्क्यांपेक्षा ते मोलाचं वाटतं.

आधी बी.कॉम. होऊ दे. मग एसएससीच्या (दहावीची नव्हे, केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या) पदवीधरांसाठीच्या सीजीएल परीक्षेतून आयकर निरीक्षक किंवा ईडीत सहायक अंमलबजावणी अधिकारी होता येतं. गोवा पोलिसांत उपनिरीक्षक व्हायलाही पदवी लागते, शिवाय कोकणी. फोंड्याला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक) विद्यापीठाचं केंद्र आहे. कॉमर्सच्या मुलांना पुढे काय घेता येईल, ते दोघी जाऊन विचारून या.

एवढं करूनही ती वर्दीच मागू लागली, तर अडवू नका. आणि पुढचं पत्र तिलाच लिहू द्या.