क्वेकर पूर्वजाचे मूळ गाव कोणते? वाचकांची प्रश्नोत्तरे

१६८१ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने क्वेकर पुढारी विल्यम पेनला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया वसाहतीची सनद दिली आणि इंग्लंड, वेल्स, आयर्लंडमधले क्वेकर तिकडे जाऊ लागले. धर्मगुरू नको, बाप्तिस्मा नको, शपथ घेणार नाही, चर्चला दशांश देणार नाही, असा हा ख्रिस्ती पंथ; त्यापायी तुरुंग आणि जप्त्या पाचवीला पुजलेल्या. अमेरिकेत सोयरीक झालेल्या आणि मुलांसाठी दोन्हीकडची वंशावळ जुळवणाऱ्या वाचकांचे या विषयावरचे काही प्रश्न घेत आहोत.

प्रश्न: माझ्या यजमानांच्या घराण्याचा मूळ पुरुष १६८२ मध्ये पेनबरोबर ‘वेलकम’ जहाजातून आला, असे इंटरनेटवरच्या पाच-सहा वंशवृक्षांत आहे. जन्म चेशायर, १६५०. बाप्तिस्म्याची नोंदही जोडली आहे. इतक्या ठिकाणी तेच आहे, म्हणजे खरे धरायचे ना?

उत्तर: पाच-सहा वंशवृक्ष म्हणजे पाच-सहा पुरावे नव्हेत. एकाने लिहिले आणि बाकीच्यांनी उतरवून घेतले, असेच बहुतेकदा निघते. ‘वेलकम’ची मूळ प्रवासी-यादी आज अस्तित्वात नाही. ज्या याद्या फिरतात त्या मृत्युपत्रे, जमिनीचे कागद वगैरेंवरून नंतर जुळवलेल्या आहेत आणि हौसेपोटी घुसवलेली नावे त्यांत कमी नाहीत. त्याच सुमारास इतरही कितीतरी जहाजे आली, पण प्रत्येकाला आपला पूर्वज पेनच्याच जहाजावर हवा असतो.

जहाजाचे नाव तूर्त सोडून द्या आणि तीन ठिकाणी बघा. बक्स आणि फिलाडेल्फिया या दोन काउंट्यांत आलेल्यांच्या नोंदवह्या ठेवल्या होत्या. त्या अपुऱ्या आहेत, पण जिथे नोंद आहे तिथे जहाज, मूळ ठिकाण, बायकामुले, सोबतचे करारबद्ध नोकर आणि त्यांच्या कराराची मुदत असा तपशील मिळतो. दुसरे म्हणजे लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमधली बंदरांची जकातवही. कुणाच्या नावावर कोणता माल कोणत्या जहाजात चढला ते तीत असते, त्यामुळे स्वतःचे सामान घेऊन निघालेला शेतकरीही ‘व्यापारी’ म्हणून सापडतो. रिकाम्या हाताने गेलेला नोकर मात्र इथे दिसणार नाही. तिसरे ठिकाण जमिनीचे: वॉरंट (मोजणीचा हुकूम), मोजणी आणि पेटंट (मालकीचा अंतिम कागद) हे तिन्ही टप्पे पाहा आणि पहिल्या खरेदीखतात नावापुढे ‘पूर्वी अमुक परगण्यातला, धंदा अमुक’ असे आहे का ते शोधा. जमिनीचा हक्क इंग्लंडमध्ये बसून विकत घेणारे आणि कधीच न आलेले लोकही होते, म्हणून नुसत्या खरेदीवरून माणूस आला असे म्हणता येत नाही.

आता बाप्तिस्मा. १६५० च्या सुमारास क्वेकर चळवळ नुकती मूळ धरत होती. तेव्हा जन्मलेल्याची नोंद क्वेकर वहीत नव्हे, गावच्या चर्चच्या वहीत असायला हवी, इथवर ठीक. पण इंग्लंडमधल्या यादवी युद्धामुळे १६४० नंतरच्या दोन दशकांत या वह्या जागोजाग तुटक आहेत. नेमके आपले मूल नोंदलेच गेले नसेल, तर शेजारच्या गावातले त्याच नावाचे मूल गळ्यात पडते. म्हणून वीसेक किलोमीटरच्या परिसरातल्या त्या नावाच्या सगळ्या मुलांची यादी करा. मग प्रत्येकाचा पाठलाग करा: लहानपणीच दफन झाले का? १६८२ नंतरही तो तिथेच कर भरतोय, मुलांचे बाप्तिस्मे करतोय का? तसे असेल तर काट मारा. उरलेला एकटा असला तरी तो उमेदवारच. सिद्ध व्हायला त्याला पेनसिल्व्हेनियाशी जोडणारा कागद लागतो.

प्रश्न: तो जोडणारा कागद म्हणजे नेमका कोणता?

उत्तर: सर्वांत उपयोगी कागद म्हणजे स्थलांतराचा दाखला. क्वेकरांचा स्थानिक कारभार ‘मंथली मीटिंग’ (मासिक सभा) पाही. सदस्य गाव सोडू लागला की दोघातिघांना चौकशीला नेमत आणि मग नव्या मीटिंगच्या नावे पत्र देत: वर्तन चांगले, देणी फेडली आहेत, कुणाशी लग्नाचे वचन गुंतलेले नाही. खाली सह्या. नवी मीटिंग तो वाचून इतिवृत्तात नोंद करी, कधी पूर्ण नक्कल उतरवी. फिलाडेल्फिया परिसरातल्या मीटिंगांचे कागद प्रामुख्याने स्वॉर्थमोर आणि हॅवरफोर्ड या दोन कॉलेजांत आहेत. बरेचसे स्कॅन होऊन ऑनलाइनही आले आहेत.

आई-बापांची नावे दाखल्यात सहसा नसतात, आणि इथेच लोक निराश होऊन कागद बाजूला ठेवतात. खरा ऐवज सह्यांमध्ये आहे. सगळ्या सह्या उतरवून घ्या. तीच नावे इंग्लंडच्या क्वेकर वह्यांत (क्यू इथली आरजी ६ मालिका) आणि क्वेकरांवरच्या छळाच्या, परगण्यावार मांडलेल्या नोंदींत शोधा. मंथली मीटिंगच्या हद्दीत अनेक गावे असत. सह्या करणाऱ्यांची घरे नकाशावर मांडली की हद्द आवळत जाते. १८४० मध्ये सरकारला वह्या देताना क्वेकरांनी स्वतःसाठी त्यांचे गोषवारे करून ठेवले होते. शोधायला ते सोपे, पण त्यांत लग्नाच्या साक्षीदारांची नावे गाळलेली आहेत. लग्नाला हजर असलेले सगळे लग्नाच्या दाखल्यावर सही करत आणि नातलगांच्या सह्या बहुधा वधूवरांच्या नावाखाली एका रांगेत येत, त्यामुळे मूळ वही पाहिल्याशिवाय गोतावळा कळत नाही.

एक धोका लक्षात ठेवा. दाखल्यावर असते ते शेवटचे राहते ठिकाण, जन्मगाव नव्हे. आयर्लंडहून आलेल्या क्वेकरांपैकी अनेकांचे आई-बाप उत्तर इंग्लंडमधून तिकडे गेलेले होते. तिथल्या दाखल्यावर थांबलात तर अर्धाच पल्ला गाठला.

प्रश्न: आमच्या पूर्वजाचे दफन ‘११ व्या महिन्याच्या १२ तारखेला, १६९८’ असे आहे. पण ४ डिसेंबर १६९८ च्या खरेदीखतावर त्याची सही आहे! दोन माणसे असतील का?

उत्तर: माणूस एकच असू शकतो. क्वेकर महिन्यांची नावे घेत नसत, आकडे घालत. आणि १७५२ पूर्वी पहिला महिना म्हणजे मार्च. त्या हिशेबाने अकरावा महिना जानेवारी, आणि वर्ष मार्चमध्ये बदलणारे असल्यामुळे आजच्या भाषेत दफन जानेवारी १६९९ चे. सही केल्यावर महिन्याभराने तो गेला. सॉफ्टवेअर ११ दिसला की नोव्हेंबर भरते आणि मेलेल्या माणसाला सही करायला लावते.

नोंद करताना मूळ शब्द जसेच्या तसे लिहा, शेजारी ‘१२ जानेवारी १६९८/९’ असे दुहेरी वर्ष घाला. जुन्या आणि आजच्या कॅलेंडरमधल्या दिवसांच्या फरकाची दुरुस्ती करू नका, नाहीतर पुढचा माणूस ती पुन्हा करील. १७५२ पासून पहिला महिना जानेवारी.

प्रश्न: वेल्समधून आलेल्या पूर्वजाच्या वडिलांचे आडनाव वेगळे आणि भावाचेही वेगळे दिसते. नोंद चुकीची आहे का?

उत्तर: नाही. पेनसिल्व्हेनियातल्या मेरियन, हॅवरफोर्ड, रॅडनॉर भागात वसलेल्या वेल्श क्वेकरांत तेव्हा स्थिर आडनाव सार्वत्रिक नव्हते. आपल्याकडे पूर्ण नावातले मधले नाव वडिलांचे असते. तिथे तेच शेवटी येई आणि पुढे काहीच नसे. थॉमसचा मुलगा जॉन हा ‘जॉन अ‍ॅप थॉमस’, आणि त्याची मुले ‘जोन्स’ (म्हणजे जॉनची). ‘अ‍ॅप रीस’चे प्राइस, ‘अ‍ॅप ह्यू’चे प्यू, ‘अ‍ॅप ओवेन’चे बोवेन झाले. भावांपैकी एकाने नवे नाव धरले आणि दुसऱ्याने जुने ठेवले, असेही घडे. अशा वेळी आडनावाऐवजी शेताचे किंवा घराचे नाव धरून शोधा.

प्रश्न: डीएनए चाचणीने हा घोळ एकदाचा मिटेल का?

उत्तर: नेहमीच्या चाचणीने नाही. दहा पिढ्या मागे १,०२४ पूर्वज होतात. त्यांतल्या एकाचा अंश आज अंगात असेलच असे नाही. शिवाय पंथाबाहेर लग्न केले की सदस्यत्व जाई, म्हणून त्याच त्या घराण्यांत सोयरिकी झाल्या. जुळणारा नातलग नेमका कोणत्या वाटेने जुळतो हे मग सांगता येत नाही. मुलगा-बाप-आजोबा अशी अखंड पुरुष-परंपरा असेल तर वाय-डीएनए (बापाकडून फक्त मुलाला मिळणारा डीएनए) उपयोगी, पण ३७ मार्करवर (तपासल्या जाणाऱ्या खुणांवर) समाधान मानू नका, १११ किंवा त्यापुढची चाचणी घ्या. आणि इंग्लंडमधल्या त्याच घराण्याचा, कागदोपत्री सिद्ध झालेला पुरुष वंशजही चाचणीला तयार हवा. तो नसेल तर पैसे कागदांच्या नकलांवर खर्च केलेले बरे.

प्रश्न: घरात कुलचिन्हाची जुनी चौकट आहे. त्यावरून उमराव घराणे शोधता येईल?

उत्तर: येणार नाही. कुलचिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळते, आडनावाला नव्हे. १९ व्या शतकाच्या अखेरीपासून पैसे घेऊन उमराव पूर्वज पुरवणारे लोक अमेरिकेत होते. गुस्ताव्ह आंझू हे त्यांतले सर्वांत कुप्रसिद्ध नाव. चौकट भिंतीवर राहू द्या, वंशावळीत नको.

प्रश्न: दाखला नाही, नोंदवहीत नाव नाही. आता?

उत्तर: मागे राहिलेल्यांची मृत्युपत्रे वाचा. ‘पेनसिल्व्हेनियातल्या माझ्या मुलाला पाच पौंड’ अशी एक ओळ कुठल्याही दाखल्यापेक्षा भक्कम. सधन लोकांची मृत्युपत्रे कँटरबरीच्या न्यायालयात नोंदत (क्यू इथली प्रॉब ११ मालिका), बाकीच्यांची स्थानिक बिशपच्या न्यायालयात. पूर्वजाच्याच आडनावाची नव्हे, तर त्याच्या बायकोच्या माहेरच्या, शेजाऱ्यांच्या आणि मृत्युपत्रावरच्या साक्षीदारांच्या आडनावांचीही काढा. माणसे गटाने आली आणि गटानेच वसली. तो नोकर म्हणून आला असेल तर मालकाचे गाव आधी शोधा आणि ब्रिस्टलची १६५४ ते १६८६ ची नोकर-नोंदवही तपासा. आणि तो १६९० च्या दशकात मीटिंगच्या कागदांतून अचानक गायब झाला असेल, तर क्वेकर उपदेशक जॉर्ज कीथमुळे पंथात पडलेल्या फुटीनंतर बाप्टिस्ट किंवा अँग्लिकन झालेल्यांच्या चर्चवह्या पाहा.